प्रोक्लोरपेराझिन : मात्रा आणि सावधगिरी

एकच औषध मळमळही थांबवते आणि भ्रम-भासांनाही आवर घालते, हे ऐकायला विसंगत वाटते. पण प्रोक्लोरपेराझिनच्या या दोन्ही कामांचे मूळ एकच आहे : ते मेंदूतील डोपामिन या संदेशवाहक रसायनाचे ग्राही (ते रसायन जिथे जोडले जाते त्या जागा) अडवते. रक्तात काही अपायकारक आले की त्याचा सुगावा घेणारा एक भाग मेंदूत असतो. तेथून उलटीच्या केंद्राकडे निघणारा संदेश हे औषध रोखते.

क्लोरप्रोमाझिन या मनोविकारांवरील औषधापाठोपाठ, १९५० च्या दशकात वापरात आलेले हे औषध आज मनोविकारांपेक्षा उलट्या, चक्कर आणि तीव्र अर्धशिशी यांसाठीच अधिक दिले जाते. मळमळीसाठी प्रौढांना ५ ते १० मिलीग्रॅमची गोळी दिवसातून तीन-चार वेळा देतात आणि दिवसाची एकूण मात्रा सहसा ४० मिलीग्रॅमच्या आत ठेवतात; तीव्र मनोविकारात मात्र ती १०० मिलीग्रॅमच्याही पुढे जाऊ शकते. औषध कशासाठी दिले आहे, हे चिठ्ठीवर लिहिणे म्हणूनच अत्यावश्यक आहे. दोन वर्षांखालील किंवा नऊ किलोपेक्षा कमी वजनाच्या बालकांना ते देत नाहीत. पार्किन्सनच्या रुग्णांत कंप आणि ताठरपणा वाढतो, तर स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत अशा औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो.

शिरेतून देताना मिनिटाला ५ मिलीग्रॅमपेक्षा अधिक वेग नसावा. एवढे पाळूनही काही रुग्ण थोड्याच वेळात अस्वस्थ होतात : पाय सतत हलवतात, उठतात, बसतात, पुन्हा उठतात, आणि नेमके काय होते आहे हे त्यांना सांगता येत नाही. ही घबराट समजून औषध वाढवले, तर त्रास आणखी वाढतो. माझ्या मते या औषधाच्या वापरातली सर्वांत टाळण्याजोगी चूक हीच आहे.

तरुण रुग्णांत कधी मान एका बाजूला वळून राहते, जबडा आवळतो, डोळे वर खेचले जातात. नातेवाइकांना हे फिट आल्यासारखे वाटते, पण रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो आणि सारे काही ऐकत असतो. त्याच्याशी बोलत राहावे, औषध थांबवावे आणि डायफेनहायड्रामिनसारखे इंजेक्शन द्यावे. स्नायू बहुधा काही मिनिटांतच सैलावतात. मात्र त्या इंजेक्शनचा असर ओसरल्यावर हा त्रास पुन्हा उद्भवू शकतो, म्हणून रुग्णाला काही काळ देखरेखीखाली ठेवावे आणि केसपेपरवर प्रोक्लोरपेराझिनचे नाव ठळकपणे नोंदवावे.