एकच चेहरा, दोन बहिणी

नमस्कार श्रोतेहो. रहस्यपटात आपण डोकं लढवतो ते एकाच प्रश्नावर: खून केला कोणी? 1946 सालच्या 'ला ओत्रा', म्हणजे 'ती दुसरी', या मेक्सिकन चित्रपटात खून आपल्या डोळ्यांदेखत होतो, आणि जीव टांगणीला लागतो तो त्यानंतर. दिग्दर्शक रोबेर्तो गाव्हाल्दोन.

मारिया आणि माग्दालेना जुळ्या बहिणी. मारिया गिऱ्हाइकांची नखं रंगवून पोट भरते, माग्दालेना गडगंज विधवा. मारिया बहिणीला गोळी घालते, आपले कपडे तिला चढवते आणि माग्दालेना बनून तिच्या घरात राहायला जाते. चेहरा तोच, पण सहीचं काय? ती तापलेल्या सळईने स्वतःचा हात भाजून घेते! या प्रसंगी अंगावर काटा येतो.

दोन्ही बहिणी दोलोरेस देल रिओने साकारल्या. 1925 साली हॉलिवूडला गेलेली ही तारका 1943 मध्ये मायदेशीच्या पडद्यावर पहिल्यांदा झळकली. त्या काळी डबल रोलसाठी कॅमेरा घट्ट बसवून भिंगाचा अर्धा भाग झाकायचे, एक बहीण टिपायचे, फिल्म मागे गुंडाळून उरलेल्या अर्ध्यात दुसरी टिपायचे. नटीने बोलायचं रिकाम्या जागेशी. दोलोरेस तर मला तीन भूमिका करताना दिसते: मारिया, माग्दालेना, आणि माग्दालेनाचं सोंग घेतलेली, कुठल्याही क्षणी उघडी पडेल अशी मारिया.

महायुद्धात अमेरिकेने दोस्तराष्ट्र म्हणून मेक्सिकोला कच्ची फिल्म पुरवली आणि तिथला चित्रपटधंदा भरभराटीला आला. या चित्रपटाला माणसंही तशीच तोलामोलाची मिळाली. नेपथ्य चित्रकार गुंथर गेर्झोचं, छायाचित्रण अलेक्स फिलिप्सचं. पटकथेत गाव्हाल्दोनच्या जोडीला होसे रेवुएल्तास, कम्युनिस्ट म्हणून तुरुंगवास भोगलेला लेखक. मारियाच्या गरिबीतला कडवटपणा मला त्याच्या लेखणीचा वाटतो. ती लोभी आहे, पण थकलेलीही आहे, आणि म्हणून तिचा राग येत नाही.

पुढे कळतं, की माग्दालेनाने प्रियकराच्या साथीने नवऱ्याला विष घातलं होतं. पैशाबरोबर तो गुन्हाही मारियाच्या पदरी येतो. नाकारायचा, तर आपण केलेला बहिणीचा खून कबूल करावा लागणार.

1964 साली हॉलिवूडने हीच कथा बेटी डेव्हिसला घेऊन पुन्हा केली. तुम्ही मात्र आधी दोलोरेसचा चित्रपट पाहा, श्रोतेहो. नमस्कार.