झाडू वळणारं कॉलेज

(तार गुंडाळणारे हात, अगदी जवळून)

हा आवाज ऐका. पायाने मशीन फिरतंय, दांड्यावर तार कसली जातेय आणि तिच्याखाली मूठ-मूठ काड्या दाबल्या जातायत. तार जरा ढिली पडली की झाडू फुलला म्हणून समजा, त्यामुळे ही पोरगी सगळं अंग मागे टाकून ओढतेय. ही कारागीर नाहीये हां. कॉलेजात शिकतेय, इथून उठून लेक्चरला जाणार आहे.

अमेरिकेतल्या केंटकी राज्यातलं बेरिया हे छोटं गाव आणि त्यातलं हे बेरिया कॉलेज. साहित्य, इतिहास, विज्ञान, संगीत असं सगळं मिसळून शिकवणारं. प्रवेश मुख्यतः बेताच्या परिस्थितीतल्या घरच्या मुलांना, आणि 1892 पासून इथे ट्यूशन फी घेतच नाहीत. त्याऐवजी प्रत्येकाने, म्हणजे खरंच प्रत्येकाने, आठवड्याला कमीत कमी 10 तास काम करायचं, कोणी शेतावर, कोणी लायब्ररीत, कोणी कम्प्युटर नीट करतं तर कोणी फरशी पुसतं, आणि त्याचा थोडाफार पगारही हातात मिळतो.

(भिजवलेल्या काड्यांची पेंढी)

आता ह्या काड्या बघा. नाव ब्रूमकॉर्न, पण मक्याशी काही घेणंदेणं नाही, ही आपल्या ज्वारीचीच बहीण, फक्त तुरा लांबलचक. आधी पाण्यात भिजवायची, नाहीतर वळताना काडी मोडते. मग तार, मग पकडीत दाबून चपटा करायचा, मग ही एवढी मोठी सुई घेऊन जाड दोऱ्याने टाके घालायचे, आणि शेवटी टोकं एका रेषेत छाटायची. 1920 पासून इथे झाडू वळतायत. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहतात आणि दुसऱ्या दिवशी ती परत दाराआड जाते, इथे मात्र ती भिंतीवर दिमाखात टांगलीये, विकायला.

(जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो)

हे सगळं सुरू केलं जॉन फी यांनी, 1855 मध्ये. गुलामगिरीच्या विरोधात बोलणारे धर्मोपदेशक, तेही गुलामगिरी असलेल्या राज्यात! यादवी युद्धानंतर इथे काळी-गोरी, मुलं-मुली एकाच वर्गात बसायला लागली. ब्लॅक हिस्ट्री मंथ, म्हणजे काळ्या लोकांच्या इतिहासाची आठवण ठेवणारा महिना, ही परंपरा ज्यांच्या कामातून आली ते कार्टर वुडसन इथलेच, 1903 चे पदवीधर. लगेच 1904 मध्ये राज्याने कायदाच केला की काळे-गोरे एकत्र शिकवायचे नाहीत. कॉलेज सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, 1908 मध्ये हरलं. काळ्या विद्यार्थ्यांना इथे परत यायला 1950 उजाडलं.

(स्वयंपाकघर, शेत, ट्यूटरिंगचं टेबल)

कामाचं इथे वेगळं मार्कशीट असतं, डिग्रीसोबत मिळतं. वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना शिकवायला मदत करतात, तेही काम म्हणूनच धरलं जातं, आणि मला विचाराल तर शिकवणं सुधारायचा ह्याच्याइतका स्वस्त आणि पक्का उपाय दुसरा नाही, कारण जे आपल्याला नीट कळलं नाही ते दुसऱ्याला समजावताना लगेच उघडं पडतं. वर्गातही उच्चनीच, भीती नको असं आयुष्यभर मांडणाऱ्या लेखिका बेल हुक्स 2004 पासून इथेच शिकवत होत्या.

दुसऱ्या कॉलेजात गरजू मुलगा कॅन्टीनमध्ये ताट वाढतो आणि बाकीचे जेवतात. इथे वाढणारा आणि जेवणारा उद्या जागा बदलतात, मग कोण कोणाला हिणवणार? साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 मध्ये शिवाजी कॉलेज काढलं आणि ‘कमवा आणि शिका’ कॉलेजात आणलं, तेव्हा आपल्याला हे काही नवीन नाही.

हां, झाडू विकून कॉलेज चालत नाही. खर्चाचा मोठा भाग देणग्यांच्या गंगाजळीतून येतो, ती आता 1 अब्ज डॉलरच्या वर आहे. 1920 मध्येच विश्वस्तांनी ठरवलं की मृत्युपत्रातून अटी न घालता आलेला पैसा खर्चायचा नाही, गंगाजळीत टाकायचा. बाकी मुलं शिकून बाहेर पडतात तेव्हा डोक्यावर कर्ज नसतं, किंवा असलं तर थोडंच.

(पुन्हा तीच मुलगी)

टाके घालून झाले. आता ती झाडू उलटा धरून टेबलावर आपटतेय, सुटलेल्या काड्या खाली पडतायत. त्या झाडायला तिने कोपऱ्यातला जुना झाडू उचललाय.