बारा जणांची यादी

आज १५ जुलै, कबड्डीमहर्षी बुवा साळवींचा जन्मदिवस, आपला कबड्डी दिन. खेळाच्या थोरवीवर बाकीचे वक्ते बोलतीलच. मी बोलणार आहे किशोर गटाच्या निवडीवर. जिल्ह्याची यादी लागली की माझा फोन आठ दिवस बंद असतो, हे इथल्या पालकांना चांगलं माहीत आहे. (हशा)

वय सोळाच्या आत, मुलांचं वजन ५५ किलोच्या आत. सकाळी काट्यापाशी रांग लागते. चारशे ग्रॅम जास्त भरलेला पोरगा स्वेटर चढवून मैदानाला फेऱ्या मारतो, पाण्याचा थेंब घेत नाही. दुपारी तोच चढाईला जातो तेव्हा पायात जीव नसतो, आणि आम्ही वहीत लिहितो, 'दम कमी'. शिवाय एखाद्या मुलाचा संघ पहिल्याच फेरीत हरला, तर तो मुलगा आम्हाला दिसतो पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन डावांपुरता. जिंकत जाणाऱ्या संघाचा मुलगा चार-पाच वेळा दिसतो. वशिल्याचं म्हणाल, तर तो नसतोच असं मी म्हणणार नाही. पण माझ्या हातून झालेली मोठी चूक वशिल्याविनाच झाली.

एका मंडळाचा उजवा कोपरा होता, म्हणजे बचावाच्या साखळीत उजव्या टोकाला उभा राहणारा मुलगा. घोटा असा धरायचा की बास! चाचणीत सगळ्यात जास्त पकडी त्याच्या नावावर. मी डोळे मिटून घेतला. त्याच्या शेजारी, त्याचा हात धरून एक किडकिडीत मुलगा उभा राहायचा. कोपऱ्याने घोटा धरला रे धरला, की हा चढाईपटूच्या कमरेत घुसून त्याला मागे रेटायचा. पण पकडीचा गुण लागतो पहिला हात घालणाऱ्याला. वहीत या मुलापुढे जवळजवळ काहीच नव्हतं. त्याला वगळून मी बारा पुरे केले. त्याच्या जागी घेतला एक चढाईपटू, ज्याचे निम्मे गुण दुबळ्या संघांविरुद्धच्या बोनसचे, म्हणजे कुणाला बाद न करता नुसती बोनस रेषा ओलांडून मिळवलेले होते.

राज्य स्पर्धेत आमच्या कोपऱ्याने पहिल्याच सामन्यात तीनदा घोटा धरला आणि तिन्ही वेळा चढाईपटू त्याला फरफटत मध्यरेषेपर्यंत घेऊन गेला. तिसऱ्यांदा तर घोटा धरल्या धरल्या आमच्या कोपऱ्याला डावीकडे मान वळवताना मी पाहिलं. शेजारी उभा होता दुसऱ्या तालुक्यातला मुलगा. चांगलाच होता, पण हलायला क्षणभर उशीर. संध्याकाळी पोरगा म्हणाला, "सर, मी एकटा कधी पकडतच नव्हतो."

तेव्हापासून चाचणीची पहिली दहा मिनिटं मी वही मिटून बसतो आणि चढाईपटूकडे बघतच नाही. कोण कुणाच्या मदतीला किती लवकर पोचतो, तेवढंच बघतो. वीस गुण घेतलेल्या मुलाचे वडील म्हणूनच माझ्यावर चिडतात, चिडोत.

पुढच्या वर्षी त्या किडकिडीत मुलाला बोलवायला मी स्वतः त्याच्या मंडळात गेलो. तो सोळाच्या वर गेला होता, आणि काट्यावर साठ भरत होता.