सलाईन लावलं म्हणजे इलाज झाला का?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येऊ लागलाय. "ताई, आमच्या पीएचसीत नुसत्या गोळ्या देतेत, सलाईन लावत नाहीत. तालुक्याला खासगीत न्यावं का?" केजहून, औशाहून, जिंतूरहून, सगळीकडून हेच. म्हणून आज एवढ्यावरच बोलणार.

रचना तुम्हाला माहीतच आहे. साधारण ५,००० लोकांमागं एक उपकेंद्र, ३०,००० मागं प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणजे आपली पीएचसी, त्याच्यावर ग्रामीण रुग्णालय. उपकेंद्रावर आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी पाटी दिसते, ते तेच. मी अशाच एका उपकेंद्रात काम करते.

आता ही बाटली बघा. ५०० मिली. लेबल वाचते, डेक्स्ट्रोज ५ टक्के. म्हणजे २५ ग्रॅम साखर, पाच-सहा चमचे, बाकी पाणी. ताकदीची बाटली म्हणतो ना आपण, तिच्यापेक्षा जास्त ताकद एका ज्वारीच्या भाकरीत असते.

ही दुसरी, नॉर्मल सलाईन. हिच्यात साडेचार ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसभरात मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवा. आणि बीपीच्या म्हाताऱ्याला आपण तासाभरात जवळजवळ दिवसाचं मीठ शिरेतून देतो, तेही पैसे मोजून!

सलाईन वाईट नाही. उलट्या थांबेनात, पोटात पाणी ठरेना, उष्माघातानं माणूस शुद्ध हरपायला लागला, तिथं ते जीव वाचवतं. पण जुलाब झालेत आणि माणूस पिऊ शकतोय, तर ओआरएसची पुडी लिटरभर पाण्यात घाला आणि घोट घोट पाजा.

आमच्या अण्णांचं सांगते. खुरपणीच्या दिवसांत त्यांना थकवा यायचा, पाय ओढायचे. तालुक्याच्या एका दवाखान्यात महिन्यात तीन वेळा सलाईन लावलं. दोन दिवस बरं वाटायचं, परत तेच. रात्री चार-चार वेळा लघवीला उठत होते, पण ते कुणी विचारलंच नाही. शेवटी मी घरी बोटाला टोचून शुगर पाहिली. ३४८! आणि शिरेतून गेलं होतं हेच, डेक्स्ट्रोज. मला त्याचा अजून राग येतो. अण्णा स्वतःच सलाईन मागायचे, हेही खरं. पण मागितलं म्हणून लावायचं का?

एका दादांनी लिहिलंय, "बाटली लावली की आराम पडतो, तुम्ही काहीही सांगता." दादा, आराम पडतो हे मलाही मान्य आहे. दिवसभर वाकून खुरपणाऱ्या बाईला तासभर पंख्याखाली आडवं व्हायला मिळतं, कुणीतरी उशाशी बसतं. घरी तिला हे मिळतं का? तिला विसावा हवा असतो आणि आपण तो बाटलीच्या नावावर विकत घेतो. पण त्या तासात बीपी पाहिलं नाही, शुगर पाहिली नाही, तर आजार तसाच घरी परत येतो.

म्हणून दवाखान्यात गेलात की एवढंच बघा. कधीपासून, काय होतंय, हे विचारलं का? पाच मिनिटं शांत बसवून बीपी मोजलं का? आकडा कागदावर लिहिला का? परत कधी यायचं ते सांगितलं का? बीडच्या शिवेला लागून जामखेड आहे. तिथं डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून काम उभं केलं आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांना गावच्या आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. विचारपूस करायला, लक्ष ठेवायला फार मोठी इमारत लागत नाही.

आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांनो, दिवाळी जवळ आलीये. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर टोळी निघायच्या आधी उपकेंद्रात या. किती महिने फडावर राहणार ते सांगा, जास्तीत जास्त जेवढ्या मिळतील तेवढ्या गोळ्या मागून घ्या, आणि आकडे लिहिलेला कागद कोयत्याबरोबर बांधून न्या. तिकडच्या दवाखान्यात आधी तोच दाखवा.