वारा नेमका कुठे मोजला?

अध्यक्षमहोदय आणि श्रोतेहो, पवनचक्क्यांसाठी ग्रामीण भागातील जागा निवडताना जमीन, रस्ता, वीजवाहिनी आणि गावकरी यांचा विचार कसा करावा, हा आजचा जाहीर झालेला विषय आहे. त्याकडे वळण्यापूर्वी वाऱ्याच्या मोजणीविषयीची माझी जुनी तक्रार आपणांस ऐकून घ्यावी लागेल. पहिल्या रांगेतील मंडळींना आता उठून जाणेही अवघड आहे.

वाऱ्यातील ऊर्जा त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेगाचा अंदाज १० टक्क्यांनी चढा धरला, तर कागदावरची ऊर्जा ३३ टक्क्यांनी फुगते. यंत्र कितीही सुधारले, तरी बेट्झ मर्यादेनुसार पाती त्या ऊर्जेपैकी ५९.३ टक्क्यांहून अधिक घेऊ शकत नाहीत. म्हणून सारी भिस्त जागेवर असते.

एका प्रकल्पात मोजणीचा मनोरा डोंगराच्या सर्वांत उंच टोकावर उभारला होता. ‘तिथे वारा चांगला लागतो,’ असे कारण मिळाले. लागणारच! माथा ओलांडताना प्रवाह दाटतो आणि त्याचा वेग वाढतो. नकाशावर मात्र निम्म्या चक्क्या पलीकडच्या उतारावर होत्या. उतार साधारण १७ अंशांहून तीव्र असला, की प्रवाह जमिनीपासून सुटून मागे भोवरे धरतो. माथ्यावर वारा पश्चिमेचा होता आणि पूर्व उतारावर बांबूला बांधलेली फीत उलट माथ्याकडेच फडफडत होती. अहवालात त्या फितीचे म्हणणे नोंदवलेले नव्हते. अशा खळबळीत वीज कमी मिळतेच, शिवाय पाती आणि बेअरिंग अकाली थकतात. त्यातही मोजणी केवळ तीन महिन्यांची, वाऱ्याच्या ऐन हंगामातली. सुगीचे धान्य मोजून त्याच्या चौपट वर्षाचे पीक धरणारा शेतकरी मला अजून भेटलेला नाही. अभियंते भेटले आहेत. किमान पूर्ण वर्षभर, चक्क्या जिथे उभ्या राहणार तिथेच आणि शक्यतो त्यांच्या आसाच्या उंचीवर मोजणी व्हावी, एवढेच माझे मागणे आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा उरलेले झरझर सांगतो. मुख्य वाऱ्याच्या दिशेने दोन चक्क्यांमध्ये पात्यांच्या वर्तुळाच्या व्यासाच्या पाच ते नऊ पट अंतर ठेवावे, अन्यथा पुढची मागचीचा वारा खाते. उपकेंद्र किती दूर आहे आणि त्यात नव्या विजेला वाव आहे का, हे जमिनीचा सौदा करण्यापूर्वी विचारावे. लांबलचक पाते एकसंध येते, त्यामुळे घाटाचे एखादे वळणही चांगली जागा बाद करू शकते. पक्ष्यांचे मार्ग आणि वटवाघळांची वस्ती सर्व ऋतूंत पाहावी. घरांवर फिरत्या पात्यांची सावली किती वेळ पडेल याचे गणित आधी करता येते. रात्रीच्या शांततेत आवाज अधिक जाणवतो, म्हणून त्याचा अंदाज दिवसाच्या गोंगाटात घेऊ नये. आणि गावकऱ्यांची बैठक चक्क्यांच्या जागा नकाशावर ठरण्यापूर्वी घ्यावी. नंतर घेतलेल्या बैठकीत त्यांना बदलण्यासारखे काही उरत नाही, हे त्यांच्या लगेच लक्षात येते.