मेंदूची बंदिस्ती आणि तिला पडलेली खांड

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘मेंदूतील गाठी व रक्तवाहिन्यांची पारगम्यता’. तो वाचूनही तुम्ही आलात, म्हणजे एक तर तुम्ही माझे भाऊबंद आहात, नाहीतर नंतर भजी आहेत ही बातमी फुटलीय. (हशा) असो.

रक्तातलं नको ते मेंदूत शिरू न देणाऱ्या ‘ब्लड-ब्रेन बॅरियर’ला मराठीत ‘रक्त-मेंदू अडथळा’ म्हणतात. माझं या शब्दाशी जुनं भांडण आहे. अडथळा म्हटलं की रस्त्यात आडवं पडलेलं झाड आठवतं. आपल्या खारेपाटात, खाडीकाठच्या या भातशेतीत, आयता शब्द असताना उसनवारी कशाला? बंदिस्ती म्हणा, खारं पाणी अडवणारा बांध! पलीकडे खाडी, अलीकडे भात. आणि ती नुसती मातीची रास नव्हे. तिला उघाडी असते. ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर सोडते, भरतीला झडप आपसूक मिटते.

मी सातवीत होतो. अमावास्येचं उधाण, वर पाऊस. रात्री अडीचला हाक आली, ‘खांड परली!’ म्हणजे बांध फुटला. वडील कंदील घेऊन धावले, मागे मी पेंढ्याचा भारा घेऊन. पाहतो तर चिंबोरीच्या बिळाएवढं भोक, त्यातून पाण्याची बारीक पिळदार धार. आम्ही पेंढा कोंबला, चिखलाची ढेपं टाकली, काकांनी तर पाठ लावली. तासाभरात तिथून बैलगाडी गेली असती. सकाळी पोटरीला आलेलं भात खाऱ्या पाण्यात. आजोबा एवढंच म्हणाले, ‘पानी त रोजचाच. बांदाव फिरनारा कोन व्हता?’ खोताचा वाटा आणि १९३३चा चरीचा शेतकरी संप इथेच आठवतो, पण त्याचे पुढारी नारायण नागू पाटलांवर सुरू झालो तर मेंदू राहूनच जाईल.

तर मेंदू. १८८५ साली पाऊल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला. सगळे अवयव रंगले, मेंदू कोराच. त्यांना वाटलं, मेंदूला रंग धरतच नाही. १९१३मध्ये त्यांच्याच शिष्याने, गोल्डमनने, रंग मेंदूभोवतालच्या द्रवात सोडला. मेंदू निळा झाला, बाकी शरीर कोरं! म्हणजे मध्ये बांध आहे. तो केशवाहिन्यांच्या भिंतीतच आहे. तिथल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की फटीतून काही झिरपत नाही. प्राणवायू जातो, साखरेला वेगळी उघाडी आहे, आणि नको ते परत बाहेर फेकणारे पंपही आहेत. बांधावर फिरणारेही आहेत : वाहिनीला बिलगलेल्या पेरिसाइट पेशी आणि तिच्यावर पाय रोवून बसलेल्या ॲस्ट्रोसाइट.

गाठ वाढते तशी तिला प्राणवायू कमी पडतो. मग ती व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडते. १९८३मध्ये ते सापडलं तेव्हा त्याची ओळखच ‘वाहिन्या गळक्या करणारा घटक’ अशी होती. त्याने नव्या वाहिन्या फुटतात, पण घाईघाईच्या. शिवण सैल, राखणदार विस्कळीत. पाणी आणि प्रथिनं मेंदूत उतरतात, सूज येते. कवटी काही ताणत नाही. मग डोकेदुखी, ओकाऱ्या, गुंगी.

एक आजोबा आले होते, सुनेलाही ओळखेनात. सूज उतरवणारं डेक्सामेथासोन सुरू केलं. तिसऱ्या दिवशी उठून बसले आणि विचारतात, ‘जिताड्याचं कालवण कुठाय?’ घरचे खूश. मुलगा म्हणाला, ‘डॉक्टर, आता ऑपरेशन कॅन्सल ना?’ अहो, गाठ होती तिथेच होती! औषधाने गळती कमी केली, एवढंच.

दुसरं दुखणं एमआरआयचं. शिरेतून गॅडोलिनियम देतात, ते जिथे झिरपतं तिथे चित्र पांढरं दिसतं. नातेवाईक फिल्म उजेडाला धरून विचारतात, ‘एवढीच आहे ना?’ पांढरं म्हणजे खांड, गाठीची हद्द नव्हे. ग्लिओब्लास्टोमाच्या, म्हणजे मेंदूतल्या झपाट्याने वाढणाऱ्या कॅन्सरच्या, पेशी त्या पांढऱ्याच्या पुढे पसरलेल्या असतात. मंद वाढणाऱ्या कित्येक गाठी तर पांढऱ्या होतच नाहीत. मी हे… चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं.

मग मुख्य मुद्दा भराभर. गाठीच्या मधोमध बांध फुटलेला, तिथे औषध थोडंफार पोचतं, तेही सगळीकडे सारखं नाही. कडेला पसरलेल्या पेशी मात्र शाबूत बंदिस्तीच्या आड सुरक्षित! केमोची बरीच औषधं तिथे जात नाहीत, गेली तर पंप बाहेर काढतात. टेमोझोलोमाइड रेणूने लहान, बऱ्यापैकी आत शिरतं, म्हणून २००५पासून ते नेहमीच्या उपचारात आहे.

बेव्हॅसिझुमॅब हे औषध त्या व्हीईजीएफलाच पकडतं. गळती थांबते, सूज उतरते, एमआरआयवर पांढरं नाहीसं होतं. पण ग्लिओब्लास्टोमाच्या मोठ्या चाचण्यांत त्याने एकूण आयुष्य वाढलं नाही. फिल्म सुधारली, गाठ तेवढी नाही.

शेवटचं. रक्तात सूक्ष्म बुडबुडे सोडून, नेमक्या जागी अल्ट्रासाऊंड मारून बांध थोडा वेळ उघडण्याचे प्रयोग माणसांवर चालू आहेत. म्हणजे खांड आपणच पाडायची, औषध आत सोडायचं, आणि ती काही तासांत मिटायला लागते. उघाडीचं चित्र काढून आणलं होतं, ते… नाही, अध्यक्ष उठलेच.