मायामीची वाइल्डकॅट: आधी माणसं की आधी स्कीम?

1-15. सोळा मॅचेस, पंधरा हार. मायामी डॉल्फिन्सचा 2007 चा सीझन असा संपला, आणि ही तीच टीम बरं का, जिने 1972 ला एकही मॅच न हरता चॅम्पियनशिप मारली होती, 17-0, एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, आजवर दुसऱ्या कोणाला ते जमलेलं नाही. त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणजे त्यांच्याच डिव्हिजनमधले, म्हणजे लीगमधल्या त्यांच्याच गटातले, न्यू इंग्लंड पेट्रियट्स त्याच वर्षी रेग्युलर सीझन 16-0 खेळले.

अमेरिकन फुटबॉल ज्यांनी कधी बघितला नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर बॉल समोरच्या टीमकडे. प्रत्येक प्रयत्नाला बॉल आधी क्वार्टरबॅककडे येतो, तो एकतर पुढे फेकतो नाहीतर रनिंग बॅकच्या हातात देतो आणि तो घेऊन पळतो. कोण कुठे उभा राहणार, कोण कुणाला अडवणार, पास लांबचा की जवळचा, ही सगळी आधी ठरवलेली मांडणी म्हणजे ऑफेन्सिव्ह स्कीम (ऑफेन्स म्हणजे बॉल हातात असलेली बाजू, डिफेन्स म्हणजे अडवणारी).

टीम हरायला लागली की पहिलं बोट या स्कीमकडेच जातं. 2007 चे कोच कॅम कॅमेरॉन सॅन डिएगोहून आले होते, तिकडे त्यांचं ऑफेन्स जोरात चाललं होतं, तेच इथेही चालेल असं सगळ्यांना वाटलं. पण सॅन डिएगोतली माणसं मायामीत कुठून आणणार? एका सीझनमध्ये तीन क्वार्टरबॅक वापरून झाले, आणि रॉनी ब्राउन, जो एकटा खरंच खेळत होता, त्याचा ऑक्टोबरमध्ये पेट्रियट्सविरुद्ध गुडघा गेला. अशा वेळी कागदावर कुठलीही स्कीम लिहा, काय फरक पडणारे!

मग साफसफाई झाली. बिल पार्सेल्स टीमचा सगळा कारभार बघायला वर येऊन बसले, टोनी स्पारानो हेड कोच झाले, ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजमधले खेळाडू निवडायच्या फेरीत, पहिल्या नंबरवर जेक लाँग हा लेफ्ट टॅकल, म्हणजे पुढच्या लाइनची डावी कड राखणारा, घेतला, आणि ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क जेट्सनी ब्रेट फार्व्ह या क्वार्टरबॅकसाठी ज्याला सोडून दिलं होतं तो चॅड पेनिंग्टन क्वार्टरबॅक म्हणून आला. त्याच्या खांद्याची दोनदा सर्जरी झालेली, लांबचा पास त्याच्या हातात उरलाच नव्हता, पण डोकं शाबूत आणि जवळचा पास अगदी हातात नेऊन ठेवल्यासारखा. एवढं होऊनही 2008 च्या पहिल्या दोन मॅचेस गेल्या, दुसरी तर ॲरिझोनाकडून 31-10 अशी सपाटून.

ॲरिझोनाहून परत येताना विमानात स्पारानोंनी क्वार्टरबॅक कोच डेव्हिड ली यांच्याकडे विषय काढला. ली आदल्या वर्षी अर्कान्सा युनिव्हर्सिटीत ऑफेन्स बघत होते, आणि तिकडे डॅरेन मॅकफॅडन नावाच्या रनिंग बॅकला थेट बॉल देऊन ते खेळायचे. आपल्याकडे पण दोन चांगले बॅक आहेत, इथे जमेल का, एवढाच मुद्दा. आणि मला वाटतं इथेच बरोबर प्रश्न विचारला गेला, कारण ली आणि स्पारानो सर्वात भारी स्कीम शोधायला बसले नव्हते. आपले सर्वात चांगले दोन खेळाडू रॉनी ब्राउन आणि रिकी विल्यम्स, आणि नेहमीच्या मांडणीत त्यातला एक बहुतेक वेळ बाकावर बसून असतो, ते अडलेलं सोडवायचं होतं.

21 सप्टेंबर 2008, फॉक्सबरो, पेट्रियट्सचं घर. त्यांचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी सीझनच्या पहिल्याच मॅचला गुडघा दुखावून बाहेर गेलेला, तरी रेग्युलर सीझनच्या सलग 21 मॅचेस जिंकलेली टीम आणि समोर बिल बेलिचिकसारखा कोच.

आता इथे चित्र थांबवूया. पेनिंग्टन बघा कुठे आहे, पार कडेला, रिसीव्हरच्या, म्हणजे पास झेलणाऱ्याच्या, जागेवर उभा. बॉल येणार त्या जागेवर ब्राउन. पुढची लाइन मोजा, एका बाजूचा टॅकल उचलून दुसऱ्या बाजूला नेलाय, म्हणजे दोन्ही टॅकल शेजारी शेजारी, एक बाजू मुद्दाम जड केलीये. आणि विल्यम्स स्नॅपच्या, म्हणजे बॉल मागे येण्याच्या, आधीच आडवा पळत सुटलाय, बरोब्बर ब्राउनच्या पुढून जाईल असा. बॉल आला. ब्राउन तो विल्यम्सला देऊ शकतो, मग विल्यम्स कडेने निघून जाणार, किंवा नुसतं दिल्यासारखं करून स्वतः त्या जड बाजूने घुसू शकतो, किंवा फेकूही शकतो. हीच ती वाइल्डकॅट.

यात जादू वगैरे काही नाही, साधा हिशोब आहे. नेहमी पळायचा प्ले असला की क्वार्टरबॅक बॉल देऊन मोकळा होतो, तो कुणाला अडवत नाही, म्हणजे डिफेन्सचा एक माणूस कायम जास्तीचा. पळणाऱ्याच्याच हातात थेट बॉल दिला की तो जास्तीचा माणूस उरत नाही, आणि पेनिंग्टन कडेला नुसता उभा असला तरी त्याच्यावर लक्ष ठेवायला कोणीतरी गुंततंच. शंभर वर्षांपूर्वी पॉप वॉर्नर नावाचे कोच सिंगल विंग या मांडणीत हेच करायचे.

त्या दिवशी हा प्रकार फक्त सहा वेळा वापरला आणि त्यातले चार टचडाउन, म्हणजे बॉल थेट समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात! शेवटचा 62 यार्डचा, ब्राउन असा सुटला की मागे वळून बघायची पण गरज पडली नाही. त्याआधी एकदा त्याने अँथनी फसानोला 19 यार्डचा टचडाउन पास दिला, डाव्या हाताने, कारण तो डावखुराच आहे. बेलिचिकच्या डिफेन्सची अशी भंबेरी उडालेली फार कमी वेळा बघायला मिळते, कोण कुणाला पकडणार तेच त्यांना कळत नव्हतं. 38-13.

सगळीकडे वाइल्डकॅट वाइल्डकॅट झालं आणि बाकीच्या टीम्सपण आपापली काढायला लागल्या. पण त्याच मॅचमध्ये पेनिंग्टनने 20 पैकी 17 पास पूर्ण केले, ते कोणाच्या लक्षात आहे? अख्ख्या सीझनमध्ये त्याचे फक्त 7 इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांनी झेललेले पास, आणि टीमने मिळून बॉल गमावला फक्त 13 वेळा, तेव्हाचा लीगचा विक्रम होता तो. 1-15 ची टीम 11-5 झाली, शेवटच्या मॅचला पेनिंग्टनने ज्यांनी त्याला सोडलं त्या जेट्सना त्यांच्याच मैदानावर 24-17 हरवून डिव्हिजन जिंकली. माझं स्पष्ट मत आहे की वाइल्डकॅटने टीमला जीव दिला, पण 11 मॅचेस जिंकून दिल्या त्या पेनिंग्टनच्या जवळच्या पासांनी आणि ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर डॅन हेनिंग यांनी त्याच्या हाताला झेपेल तेवढंच मागितलं म्हणून.

कारण वाइल्डकॅटवर तोडगा फार लवकर सापडला. ऑक्टोबरमध्येच बाल्टिमोर रेव्हन्सनी वाइल्डकॅट जाम केली, नोव्हेंबरमध्ये पेट्रियट्स मायामीत येऊन 48-28 जिंकून गेले, आणि प्लेऑफमध्ये परत रेव्हन्स, 27-9, त्या दिवशी पेनिंग्टनचेच चार इंटरसेप्शन.

आणि मग 2009 चा ड्राफ्ट. दुसऱ्या राउंडमध्ये, 44 व्या नंबरवर, मायामीने पॅट व्हाइटला घेतलं, वेस्ट व्हर्जिनियाचा पळणारा क्वार्टरबॅक, वाइल्डकॅटमध्ये टाकायला. मुलगा कॉलेजात खरंच कमाल होता, त्याचा काही दोष नाही. पण आदल्या वर्षी हातातल्या माणसांसाठी स्कीम शोधली होती, आता स्कीमसाठी माणूस विकत घेतला, आणि तोही दुसऱ्या राउंडचा, जिथे पेनिंग्टनला एखादा धड रिसीव्हर मिळाला असता. पेनिंग्टनचा खांदा तिसऱ्याच मॅचला पुन्हा गेला, नोव्हेंबरमध्ये ब्राउनचा पाय गेला, टीम 7-9. व्हाइटने त्या सीझनमध्ये पाच पास फेकले, एकही पूर्ण झाला नाही, आणि 2010 चा सीझन सुरू व्हायच्या आधी त्याला सोडून दिलं.